फ्रीजच्या दारावरचं अक्षर

ग्योटिंगेन, ८ जानेवारी २०२१

प्रिय रोस्विता,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा उशिरा पाठवतेय, राग मानू नकोस. फोनच करणार होते, पण तळमजल्यावरच्या माझ्या खोलीत मी बोलले की वरच्या मजल्यावर सगळं ऐकू जातं, आणि हे वर ऐकू जायला नको आहे.

माझा फ्रीज गेला. बिघडला नाही, गेला. माझ्या नवऱ्याने, एकार्टने आणलेला, बर्लिनची भिंत पडायच्या आधीचा. त्सिटाउच्या घरी आपण दोघींनीच तो जिन्याने वर चढवला होता, आणि मध्येच तू हसत सुटलीस म्हणून पाडता पाडता वाचला होता. सूनबाईंनी, फ्रीडेरिकेने, ख्रिसमसच्या आधी कुठूनसं वीज मोजायचं यंत्र आणून त्याला लावलं आणि आठवडाभराने जेवणाच्या टेबलावर निकाल वाचून दाखवला. "मार्लिस, तुमचा हा एकटा फ्रीज आमच्या अख्ख्या स्वयंपाकघराएवढी वीज पितो." इतक्या गोड आवाजात म्हणाली, की रागवायलाही जागा ठेवली नाही. थीलो मान खाली घालून बटाटा सोलत बसला. माझी नात येटे म्हणाली, "म्हणजे आजीमुळे ध्रुवावरचा बर्फ वितळतो?" सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?

आता नवा घ्यायचाय. थीलो म्हणतो, "आई, तू कशाला त्रास घेतेस, आम्ही बघतो." पण माझा मला स्वतःच घ्यायचाय. फ्रीडेरिकेची अट एकच, वीज किती खातो ते सांगणारं लेबल सगळ्यात वरचं हवं, गर्द हिरवं. इथल्या गल्लीतल्या पर्यावरण मंडळाने एक पाटी काढलीय. ज्या घरातली झाडून सगळी यंत्रं हिरवी, त्या घराच्या दारावर ती लागते. तिला ती पाटी हवी आहे, आणि ती माझ्यामुळे अडलेली मला नको आहे.

आपली कापडगिरणी बंद पडल्यापासून तू दुकानात हीच यंत्रं विकतेस. तू सांगशील तो डोळे मिटून घेईन.

तुझी,
मार्लिस


त्सिटाउ, १७ जानेवारी २०२१

प्रिय मार्लिस,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग तुझ्या सुनेचा राग आला, मग पुन्हा हसले. तिकडे पश्चिमेला जाऊन बसलीस, मुलगा विद्यापीठात, मागे बाग, मांडीवर नात, आणि दुःख कसलं तर फ्रीजचं! इथे ये एकदा. आपल्या गिरणीच्या जागेवर आता गवत आणि मांजरं आहेत.

दुकान डिसेंबरपासून कोरोनामुळे सरकारी हुकमाने बंद. मालक पोलांट आणि मी रोज फोनपाशी बसतो, जणू कोणी आजारी आहे आणि डॉक्टर यायचाय. गोदामात माल छताला टेकलाय. पोलांट दिवसातून दहा वेळा आत जाऊन बघून येतो आणि दर वेळी जरा म्हातारा होऊन बाहेर येतो.

तर लेबल. A म्हणजे चांगला. त्याच्यापुढे एक प्लस म्हणजे आणखी चांगला, दोन प्लस म्हणजे उत्तम, आणि तीन प्लसच्या वर फक्त देव. तुझ्यासाठी मी तीन प्लसवाला काढून ठेवलाय. कमरेएवढा, पांढरा, मांजरासारखा गप्प. पट्टा असा गर्द हिरवा, की सूनबाईंनी त्याची कोशिंबीर करून खावी.

गुरुवारी सकाळी दुकानात फोन करून ऑर्डर दे. घरी नको, दुकानातच. पोलांटच्या कानावर पडू दे की मी अजून गिऱ्हाईक आणते. पेन्शनला माझी दोनेक वर्षं राहिलीत, आणि हल्ली तो माझ्याकडे गोदामातल्या मालाकडे बघावं तसा बघतो.

तुझी,
रोस्विता


ग्योटिंगेन, १६ फेब्रुवारी २०२१

प्रिय रोस्विता,

आला! मोठा बर्फ पडायच्या आदल्याच दिवशी. दोन माणसांनी उचलून आणला, बूट न काढता आत आले, पण आज मी कोणावर रागावणार नाही.

फ्रीडेरिके खाली आली. वाकून लेबलवरून बोट फिरवलं. "तीन प्लस! मार्लिस, तुम्ही तर आमच्याही पुढे गेलात." आणि मग, ऐक, माझ्या स्वयंपाकघरात बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या हातची कॉफी प्यायली, माझा केक खाल्ला, दुसरा तुकडा मागून घेतला. म्हणाली, "ईस्टरला मंडळाचे लोक घर बघायला येणार आहेत, आपण त्यांना आधी तुमचाच दाखवू." 'आपण' म्हणाली. रविवारी वर जेवायला बोलावलं, आणि या वेळी भांडी घासायला उठू दिलं नाही.

फोनवर तू जरा तुटक वाटलीस. मी विचारलं, लवकरच याहून चांगलं काही निघणार तर नाही ना, थांबू का? तू एवढंच म्हणालीस, "घे, मार्लिस. घेऊन टाक." म्हटलं, कामात असशील.

लेबल दारावर तसंच ठेवलंय. येटे रोज येऊन त्यावरचे प्लस मोजते. तीनच आहेत, पण दर वेळी मोजते.

तुझी आनंदी,
मार्लिस


त्सिटाउ, २५ फेब्रुवारी २०२१

प्रिय मार्लिस,

छान झालं. इथेही बर्फ चिकार. माझा गुडघा हवामान खात्याच्या आधी सांगतो. पोलांट खोकतोय, पण कसलाच ताप नाही, नुसती धंद्याची काळजी.

एक सांगायचं राहिलं. ते लेबल दारावरून काढून टाक. फार दिवस राहिलं की त्याचा गोंद पक्का बसतो, मग निघत नाही, रंगही खराब होतो. कोमट पाणी आणि थोडं तेल लावलं की सुटेल. आणि सोबत आलेली कागदांची पिशवीही फेकून दे, जगातल्या सगळ्या भाषांतल्या सूचना असतात, कोण वाचतंय? हमीची नोंद माझ्याकडे आहे.

आजच काढ, विसरशील.

घाईत,
रोस्विता


ग्योटिंगेन, १५ मार्च २०२१

रोस्विता,

एक मार्चला फ्रीडेरिके वर्तमानपत्र घेऊन खाली आली. युरोपभर लेबलं बदललीत म्हणाली. आता प्लस नाहीत, सरळ A ते G, आणि सगळ्यांचा हिशोब नव्याने. "तुमच्या फ्रीजसोबत आलेली कागदांची पिशवी कुठे आहे? गेल्या नोव्हेंबरपासून कारखानेवाले दोन्ही लेबलं सोबत देतात."

मी ती फेकली नव्हती. मी कागद फेकत नाही, तुला ठाऊक आहे. खणातून काढून मीच तिच्या हातात दिली. सूचनांच्या पुस्तकात घडी करून दुसरं लेबल होतं.

D. पिवळा.

फ्रीडेरिकेने ओलं फडकं घेतलं, जुनं लेबल नखाने खरवडून काढलं, आणि त्या जागी नवं चिकटवलं. चारी कोपरे अंगठ्याने दाबले. "चुकीची माहिती दारावर ठेवणं बरोबर नाही." गोंद लगेच सुटला, रोस्विता. काहीही राहिलं नाही.

आता रविवारचं आमंत्रण नाही. येटे येते, बघते आणि सांगते, "आजी, तुझा पिवळा आहे." वर त्यांनी नवा फ्रीज मागवलाय, दोन दारांचा, कपाटाएवढा. त्याच्यावर C आहे, फिका का होईना, पण हिरवा.

फ्रीज तोच आहे. फेब्रुवारीत जितका गार होता तितकाच आजही आहे. दूध नासत नाही. पण काल रात्री मी तुझं गोंदाचं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात तू "आजच काढ" असं लिहिलंयस.

तुला माहीत होतं का?

मार्लिस


त्सिटाउ, २२ मार्च २०२१

प्रिय मार्लिस,

हो, माहीत होतं. प्रत्येक दुकानदाराला माहीत होतं. नवी लेबलं नोव्हेंबरपासून आमच्या खणात पडून होती. पण एक मार्चच्या आधी ती दाखवायला कायद्याने बंदी होती. मी बनवला नाही तो कायदा. पोलांटने सगळ्यांना बजावलं होतं, "तोपर्यंत जुना माल हलला पाहिजे. जो तोंड उघडेल त्याने उद्यापासून घरीच बसावं." तुझा फोन आला तेव्हा तो माझ्या खांद्यापाशी उभा होता. त्याच्या कोटाचा वास येत होता मला. काय बोलणार होते?

आणि मी तुला भंगार विकलेलं नाही. तुझा फ्रीज चांगलाच आहे. माप बदललं, वस्तू नाही. वरची अक्षरं मुद्दाम रिकामी ठेवलीत, पुढे निघणाऱ्या यंत्रांसाठी. आमच्या दुकानात आज A वाला एकही फ्रीज नाही. सगळेच उतरलेत, तुझा एकटीचा नाही.

शिवाय लेबलवर अक्षराच्या खाली बारीक आकडा असतो, वर्षाला किती वीज खातो त्याचा. तो वाच, आणि वर जाऊन सूनबाईंच्या कपाटाचाही वाच. तिचा तुझ्या दुप्पट निघेल, पैज लाव. अक्षर आकाराच्या मानाने देतात, हत्तीला हत्तींमध्ये आणि शेळीला शेळ्यांमध्ये. हिरवा हत्ती पिवळ्या शेळीपेक्षा जास्तच खातो, पण गिऱ्हाईक रंग बघतं आणि हत्ती घेऊन जातं. मी रोज बघते.

इतकं मनाला लावून घेऊ नकोस. तुझं अडलंय कुठे? मुलाचं घर आहे, डोक्यावर छप्पर आहे. माझी नोकरी गेली असती तर मी कुठे गेले असते?

तुझीच,
रोस्विता


ग्योटिंगेन, ९ एप्रिल २०२१

रोस्विता,

दाखवायला बंदी होती. बोलायला नव्हती.

ईस्टरचं सांगते. मंडळाचे वीगांट म्हणून गृहस्थ बायकोसह आले. आधी घरभर फिरून यंत्रं बघितली, मग बागेत अंतर ठेवून खुर्च्या मांडल्या होत्या तिथे बसले. फ्रीडेरिकेने गाजराचा केक केला होता. वीगांट म्हणाले, "सगळं उत्तम आहे. फक्त तळमजल्यावरचा तो पिवळा. नियम नियम असतो." फ्रीडेरिके म्हणाली, "तो महिनाअखेर जातोय. मार्लिस वर आमचाच फ्रीज वापरतील."

मला ते तेव्हाच कळलं, केकचा घास तोंडात असताना. म्हणजे सकाळी चहात दूध घालायचं तर जिना चढून सुनेचं दार वाजवायचं.

मग मी तुझ्या सांगण्यावर गेले. म्हटलं, "वीगांट साहेब, माझ्या पिवळ्याचा खालचा आकडा बघा आणि वरच्या हिरव्याचा बघा. हिचा माझ्या दुप्पट आहे. आणि यांचा आधीचा फ्रीज टाकलेला नाही, तो तळघरात थीलोच्या बिअरसाठी चालू आहे. तुम्ही तळघरात उतरलाच नाहीत. कपडे वाळवायचं यंत्र रोज फिरतं, त्याचं लेबल फार छान आहे. माझे कपडे त्या समोरच्या दोरीवर वाळतात. दोरीला तुम्ही कोणतं अक्षर देता?"

 वीगांटबाई केक बघत बसल्या. फ्रीडेरिके शांतपणे म्हणाली, "मार्लिस, हे वेगवेगळे गट आहेत. त्यांची अशी तुलना करत नसतात." वीगांटांनी मान डोलावली.

मी थीलोकडे बघितलं. तो हिशोबातला माणूस आहे, विद्यापीठात आकडेच शिकवतो. त्याला कळलं होतं मी बरोबर बोलतेय ते. त्याच्या कानावरून मला कळतं, लहानपणापासून त्याचे कान लाल होतात. तो म्हणाला, "आई, पुरे. तुला यातलं कळत नाही."

संध्याकाळी खाली आला. म्हणाला, फ्रीडेरिकेला आता कायमच घरून काम करावं लागणार, एक खोली हवीच आहे. "तुझ्यासाठी कुठेतरी छानशी जागा बघू, तुझ्या वयाची माणसं असतील अशी." मी म्हटलं, "फ्रीजमुळे?" तर म्हणाला, "काहीतरीच काय, आई! फ्रीजचा काय संबंध?" आणि बघ, ते खरंच आहे. मला इथे बोलावलं होतं येटेला सांभाळायला. ती शाळेत जायला लागली तेव्हाच माझं काम संपलं होतं. फेब्रुवारीत तीन प्लस आले म्हणून सगळ्यांना थोडा विसर पडला, मलासुद्धा.

डोक्यावर छप्पर आहे म्हणतेस. ते माझं नाही. तुला लिहायचे ती बागही माझी नाही, तिथली फुलं मला विचारून तोडावी लागतात. हे तुला कधी लिहिलं नाही, कारण तू हसली असतीस आणि मला तुझं हसणंच हवं होतं.

त्या गुरुवारी तू एक वाक्य बोलायचं होतंस. "मार्लिस, मार्चपर्यंत थांब." पोलांटला काय कळलं असतं? बाई विचार करून सांगतेय म्हणाला असता. मी थांबले असते. थंडी होती, दूध खिडकीबाहेर ठेवलं असतं. मी फ्रीडेरिकेकडून कमीपणा घेत आलेच होते, आणखी एक घेतला असता. पण तो तुझ्या हातून नसता आला.

मार्लिस


त्सिटाउ, २ मे २०२१

माझी मार्लिस,

हे तिसरं पत्र. आधीची दोन मिळाली का? उत्तर नाही, फोन उचलत नाहीस.

मला काहीच माहीत नव्हतं. तू कधी सांगितलंस? मला वाटायचं तू तिकडे राणीसारखी आहेस, आणि खरं सांगू, थोडं जळतही होते. पत्रातून टोमणे मारायचे ते त्यामुळे. तू खोलीत एकटी बसून ते वाचत असशील असं डोक्यातच आलं नाही.

भ्यायले ग मी. या वयात मला कोण कामावर ठेवणार, हेच डोक्यात होतं. आणि वाटलं, फ्रीजच तर आहे, चांगला आहे, चालेल तिला. त्याच्यावर तुझं काय काय अवलंबून होतं ते मला कुठे माहीत?

तुझ्याशिवाय मला कोण आहे? भाऊ वारला, गिरणीतल्या बाकी सगळ्या जणी विखुरल्या. माझ्याकडे ये. खोल्या दोनच आहेत, पण मोठी तू घे. भांडायचं असेल तर समोर बसून भांड. शिव्या घाल. पण लिही.

रोस्विता


ग्योटिंगेन, १४ जून २०२१

सन्माननीय श्रीमती रोस्विता क्युनेल,

आपली सोबतची तीन पत्रं न उघडता परत पाठवत आहे. मार्लिस मेच्या अखेरीस इथून गेल्या. नवा पत्ता कोणालाही देऊ नये अशी त्यांची इच्छा आहे आणि आम्ही तिचा आदर करतो.

त्या फ्रीज सोबत घेऊन गेल्या नाहीत. तो सुस्थितीत आहे. आपलं दुकान परत घेत असेल तर कळवावं. अन्यथा तो तूर्त तळघरात राहील, पाहुणे आले की जास्तीचा एक उपयोगी पडतो.

आमच्या घराला मंडळाची पाटी मिळाली, हे मार्लिसशी आपला संपर्क झाल्यास जरूर सांगावं. त्यांनाही आनंद होईल.

आपली,
फ्रीडेरिके ओमे


त्सिटाउ, १९ सप्टेंबर २०२१

रोस्विता,

पाकिटावरचा शिक्का बघून चक्रावली असशील. मी जूनपासून इथेच आहे. स्टेशनच्या मागच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकाची जागा. घरमालकाने ठेवलेला फ्रीज आहे, त्यावर कसलंच लेबल नाही. थीलो रविवारी फोन करतो. येटे दोन मिनिटं बोलते, मग तिला खेळायला जायचं असतं.

मे महिन्यात तुझी पत्रं मी दारामागच्या टोपलीत बघत होते. अक्षर ओळखत होते, उघडत नव्हते. पण इथे आल्यावर हळूहळू वाटायला लागलं की पुरे आता. ती भित्री आहे, एवढंच. गिरणीतही मुकादम आला की तू माझ्यामागे लपायचीस. भित्र्या माणसाला माफ करता येतं. त्याच्याकडे द्यायला काही नसतंच, मग मागायचं काय? असं मनाशी धरून मी गेल्या मंगळवारी तुझ्या दुकानात आले.

हो, आले होते. केस बारीक कापलेत, तोंडावर मास्क. तू एका म्हाताऱ्या जोडप्यापाशी उभी होतीस. ती बाई मोठ्या दोन दारांच्या फ्रीजवर हात ठेवून म्हणत होती, "हाच घेऊ या, हिरवा आहे." मी मिक्सरच्या फळीपाशी थांबले.

तू म्हणालीस, "बाई, रंग सोडा. खालचा बारीक आकडा वाचा. घरात तुम्ही दोघंच ना? मग हा छोटा घ्या, पिवळा असला तरी निम्मं खातो. आणि खरं सांगू? घाई नसेल तर आज काहीच घेऊ नका. पुढच्या महिन्यात नवा माल येतोय, याच्यापेक्षा चांगला." पोलांट गल्ल्यावर होता. त्याने मान वर करून तुझ्याकडे बघितलं. तूही त्याच्याकडे बघितलंस, आणि म्हणालीस, "थांबा महिनाभर. माझं ऐका."

म्हातारी तुझा हात धरून म्हणाली, "असं सांगणारं कोणी भेटत नाही हो."

मग तू माझ्याकडे वळलीस. "आपल्याला काय दाखवू?"

मी नको म्हणून मान हलवली. तू हसून पुढे गेलीस.

कदाचित माझी पत्रं वाचूनच तू बदलली असशील. मला ते कळतं, मी मूर्ख नाही. एखादीला त्यात समाधान वाटलं असतं. पण मला तिथे उभं राहून एवढंच दिसलं, की तुला ते बोलता येत होतं. पोलांट तोच, तू तीच, नोकरीही तीच. फक्त समोर मी नव्हते. ज्या बाईचं नावही तुला माहीत नाही तिला तू ते वाक्य दिलंस. माझं होतं ते.

ते दोघं काहीच न घेता, खुशीत बाहेर पडले. बाईने माझ्यासाठी दार धरून ठेवलं. मी तिच्या मागोमाग निघाले.

मला शोधत येऊ नकोस. रस्त्यात दिसले तर "आपल्याला काय दाखवू" असं विचार, तेवढं चालेल.

मार्लिस